आधी सॉकेट बघ

पुणे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

एकदाच काय तो सगळ्यात महागडा प्रोसेसर घ्यायचा, म्हणजे आठ-दहा वर्षं बघायला नको, असं तू लिहिलंस. तसं करू नकोस रे. पीसी टिकवायचा तर आधी सॉकेट बघ, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. सॉकेट पुढेही चालणार असेल तर नंतर फक्त प्रोसेसर बदलता येतो.

माझंच घे. २०१८ साली ऐपत होती तसा बी४५० मदरबोर्डावर एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर बसवला. चार वर्षांनी नवे गेम अडखळायला लागले, तेव्हा बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून त्याच एएम४ सॉकेटवर रायझन ७ ५८००एक्स३डी चढवला. बोर्ड तोच, रॅम तीच. या नव्या प्रोसेसरची एल३ कॅश, म्हणजे त्याच्या आतलीच झटपट मेमरी, ९६ एमबी. साध्या ५८००एक्सची ३२. मिसळणाचा डबा शेगडीशेजारी असला की दर चिमटीला कोठीच्या खोलीत जावं लागत नाही, तसं. गेमला हवा तो डेटा हाताशी मिळतो, रॅमकडे खेपा कमी होतात.

जुना प्रोसेसर काढताना मात्र चूक झाली. कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट वाळली होती आणि मी कूलर सरळ वर ओढला. प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून आला, कडेच्या तीन पिना वाकल्या. लीड पेन्सिलीच्या नळीत एकेक पिन धरून सरळ केली. अर्धा तास श्वास रोखून बसलो होतो. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला पिना बोर्डावर असतात, त्यामुळे तू बोर्डाला जप.

हो, एएम५च घे. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट त्यांच्या प्रोसेसरच्या चौदाव्या पिढीपाशी थांबला, २०२४मध्ये त्यांचा नवा सॉकेट आला. एएम५ २०२२चा, आणि २०२७पर्यंत व पुढेही तो चालवू असं एएमडीने सांगितलंय. आत्ता ६५ वॅटचा, सहा कोरचा रायझन ५ ७६०० पुरे. नागपूरच्या मे महिन्यात थंड ठेवायलाही सोपा. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. गेम अडखळायला लागले की त्याच बोर्डावर मोठ्या कॅशचा एक्स३डी प्रोसेसर बसव.

डीडीआर५ रॅमच्या दोनच कांड्या घे. चार लावल्या तर वेग उतरतो. पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको, आणि कॅबिनेट पुढून जाळीचं बघ.

दुकानदाराचं कोटेशन आलं की पैसे द्यायच्या आधी मला फोटो पाठव. होळीला मी येतोच आहे, जोडणी दोघं मिळून करू. पेस्ट मी आणतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय