माळ्यावरचा ट्रान्झिस्टर भंगारात देण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे जुने रेडिओ किलोच्या भावानं भंगारात जातात. त्याबद्दल थोडं लिहायचंय.

मी घरी गिटारचे फझ पेडल बनवतो, म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये लावायचे, पायानं चालू-बंद करायचे छोटे डबे. फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडायचा, फाटक्या स्पीकरसारखा, पण ऐकावासा वाटला पाहिजे. लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ मध्ये गोल डब्यातलं फझ फेस काढलं, गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर गाजलं, आणि आत उघडून बघाल तर दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, सिग्नल वाढवणारा तीन पायांचा छोटा पार्ट, जर्मेनियम धातूपासून बनवलेला), चार रेजिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन पॉट म्हणजे फिरवायची बटणं, बास, एवढंच! बाकी सगळं कुठल्याही दुकानात मिळतं, पण आता सगळीकडे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर, जर्मेनियमचे शोधत फिरावं लागतं. आणि तसेच एसी १२८ नंबरचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आपल्या जुन्या रेडिओत स्पीकर चालवायला जोडीनं बसलेले असायचे, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं पण बनवलेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी दहा आणले, सहा गळके निघाले. गळके म्हणजे बेस, म्हणजे ज्या पायाला सिग्नल देतात तो, मोकळा ठेवला तरी करंट वाहतोच, आणि साधा मल्टीमीटर ही गळती, म्हणजे लीकेज, पण गेनमध्येच (ट्रान्झिस्टर किती पट वाढवतो त्या आकड्यात) धरतो, त्यामुळे मीटरवर १२० दिसलं म्हणून खूश व्हायचं आणि खरा गेन निघतो ७५. पेडलमध्ये पहिल्या जागेला साधारण ७०-८० चा लागतो, दुसऱ्याला ११०-१२० चा, म्हणून ढिगातून जोडी जुळवत बसावं लागतं, पत्रिका जुळवण्यासारखंच. त्यात एक मी सोल्डर करतानाच भाजून मारला, तेव्हापासून पाय चिमट्यात धरूनच डाग देतो.

बरं एवढं करूनही उन्हाळा आहेच. तापमान दहा डिग्री वाढलं की लीकेज जवळजवळ दुप्पट होतं, जानेवारीत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे आउटपुटच्या पायावर, बरोबर साडेचार व्होल्ट लावून ठेवलेलं पेडल एप्रिलच्या दुपारी नोट अर्ध्यातच गिळायला लागतं. मित्र म्हणतो फ्रीजमध्ये ठेव, आई म्हणते ठेवून तर बघ. सिलिकॉनचा हा त्रास फारसा नाही हो, पण गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी केला की जर्मेनियमचा आवाज जसा फाटका न राहता स्वच्छ होतो ना, त्यासाठी हे सगळं चालवून घेतो.

तर विनंती एवढीच की चालू रेडिओ कुणी पार्टसाठी फोडू नका, ते पाप आहे, पण बंद पडलेला भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना एकदा दाखवा. आणि काका लोकांनो, दुकान बंद करताना ते काढलेल्या ट्रान्झिस्टरचे डबे प्लीज कचऱ्यात टाकू नका, आमच्यासारख्या कुणालातरी द्या.

आमच्या आजोबांचा रेडिओ मी पार्टसाठीच उघडला होता, पण एक कंडेन्सर बदलला आणि चालू झाला, मीडियम वेव्हवर पुणे स्टेशन लागलं. आता आजी हात लावू देत नाही आणि माझं पेडल एका एसी १२८ वाचून अडलंय.

– एक वाचक, पुणे