आधी स्वतःचा अंदाज, मग सरांची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी पुतणी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचं लॉगबुक, म्हणजे शिकलेल्या कामांची नोंदवही, सहज चाळलं. ‘रिफ्लेक्शन’च्या, म्हणजे स्वतःच्या अनुभवावर विचार करून लिहायच्या पानावर सुंदर इंग्रजीत लिहिलं होतं, की या अनुभवातून रुग्णाशी संवादाचं महत्त्व कळलं. कुठला रुग्ण, म्हणून विचारलं तर ती गप्प. सीनियरची फाइल व्हॉट्सॲपवर फिरते, अख्खी बॅच तेच उतरवते आणि सत्र संपताना एका बैठकीत सगळ्यांच्या सह्या होतात. मुलीवर मी रागावले नाही. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, म्हणून हे पत्र.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. 2019च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा अभ्यासक्रम आला आणि विद्यार्थ्याने स्वतःकडे पाहावं ही अपेक्षा पहिल्यांदा कागदावर आली. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. पण लॉगबुकातला कौशल्यांचा तक्ता पाहा. तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा, शिक्षकांचा शेरा, शिक्षकांची सही आणि शेवटी ‘अभिप्राय मिळाला’ म्हणून विद्यार्थ्याची आद्याक्षरं. काम करण्याआधी ‘मला हे कितपत जमेल’ हे त्याने लिहायचं, असा रकाना त्यात नाही. माझ्या मते स्वमूल्यमापनाचा जीव त्याच रकान्यात आहे.

मला हे लेबर रूमने शिकवलं. रेसिडेंट असताना एका बाळंतिणीचा रक्तस्राव मी डोळ्यांनी पाहून ‘चारशे मिली’ लिहिला. पाचशेच्या आत, म्हणजे काळजी नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरना ते पटलं नाही. त्यांनी रक्ताने भिजलेले मॉप (टिपायची फडकी) आणि पॅड काट्यावर ठेवले, कोरड्याचं वजन वजा केलं, ग्रॅमला मिली धरलं. आकडा साडेसातशेच्या पुढे गेला. तोवर बाईंची नाडी धावू लागली होती. त्या वाचल्या, सिस्टरमुळे. पुढे बेळगावला मोजपट्टी असलेली पिशवी बाळंतिणीखाली ठेवून अभ्यास झाला. 2006 साली तो छापून आला. डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सरासरी 33 टक्क्यांनी कमी निघाला होता.

स्वतःच्या हाताबद्दलचा अंदाजही असाच चुकतो. ‘जामा’ या नियतकालिकात त्याच वर्षी एक आढावा आला होता. डॉक्टरांनी स्वतःला दिलेला दर्जा आणि इतरांनी प्रत्यक्ष पाहून दिलेला दर्जा यांच्या 20 तुलना त्यात होत्या. 13 ठिकाणी मेळ जवळजवळ नव्हता, काही ठिकाणी तर उलटच होता. ज्यांचं कौशल्य सर्वात कमी आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वात जास्त, त्यांचे अंदाज सर्वात चुकलेले.

नंतर माझ्या युनिटमध्ये मी चिठ्ठीची पद्धत ठेवली. एपिझिओटॉमीचे (प्रसूतीच्या वेळी योनिमार्गाशी दिलेल्या छेदाचे) टाके घालण्याआधी इंटर्नने लिहायचं: ‘एकट्याने जमेल’, ‘सोबत कुणी हवं’ किंवा ‘फक्त पाहिलंय’. झाल्यावर कसं झालं ते त्याने लिहायचं, मी वेगळं लिहायचं, मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. एका मुलाने दर वेळी ‘एकट्याने जमेल’ लिहिलं. त्याचा पहिला टाका जखमेच्या वरच्या टोकाच्या खालीच पडायचा. तिथली रक्तवाहिनी सुटली तर आत रक्त साचतं, बाहेरून कळतही नाही. मी शेजारी उभी होते म्हणून ते तिथल्या तिथे दिसलं. एक मुलगी कायम ‘सोबत कुणी हवं’ लिहायची आणि तिचा हात युनिटमध्ये सर्वात नेटका होता. दोघांनाही आपापली चिठ्ठी माझ्या चिठ्ठीशेजारी पाहायची गरज होती. महिनाभरात दोघांचे अंदाज माझ्या नोंदीच्या जवळ आले. त्या चिठ्ठ्यांना मी कधी गुण दिले नाहीत. दिले असते तर दुसऱ्या दिवसापासून मला हवं तेच सगळ्यांनी लिहिलं असतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला माझी विनंती आहे, की लॉगबुकात हा रकाना घाला, त्याला गुण ठेवू नका आणि शिक्षकाची नोंद त्याच दिवशी, त्याच जागी व्हायला हवी असा नियम करा. दीडशेच्या बॅचला हे शक्य नाही, असं शिक्षकमित्र म्हणतील. सगळ्या कौशल्यांना नसेल. पण टाके, सलाइन लावणं, कॅथेटर घालणं एवढ्यापुरतं तरी करा. यात चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

हे पदवीनंतरही लागू आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतल्या डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट, म्हणजे व्याख्यानं-संमेलनांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात. कोणत्या संमेलनाला बसायचं ते आपण ठरवतो आणि जे आधीच चांगलं येतं त्याच व्याख्यानाला जाऊन बसतो. मीही तेच केलं. वंध्यत्वावर वीस व्याख्यानं ऐकली असतील, नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनावर एक.

पुतणीची इंटर्नशिप आता जवळ आली आहे. तिला मी तीन रकाने आखलेली वही दिली आहे: आधी काय वाटलं, नंतर काय वाटलं, शेजारी उभ्या असलेल्याने काय पाहिलं. तिसरा रकाना कोणाकडून भरून घ्यायचा, असं तिने मला विचारलं. लेबर रूमच्या सिस्टरांपासून सुरुवात कर, असं मी सांगितलं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र), नांदेड