कूलर आणि ढोलकी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तुमच्या तिकडची रेंज गेली आणि बाबांना सांगायची गोष्ट तशीच राहिली. म्हणून आज कागद घेतला.

रविवारी आमच्या वस्तीतल्या लोकांनी समाजभवनात गाण्याबजावण्याचा आणि कलेचा मेळा भरवला. वेळ काय ठेवावी? दुपारी दोन ते सहा! नागपूर, मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि दुपारी मेळा. विचारलं तर म्हणे संध्याकाळी हॉल लग्नाच्या स्वागताला दिलेला आहे, दुपार तेवढी फुकटात मिळाली. आई, तू सांगतेस तसा पर्समध्ये कांदा टाकला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि पोरांना घेऊन निघाले.

एका कोपऱ्यात चितारओळीतले एक मूर्तिकार मुलांकडून मातीचे बैल करून घेत होते. तान्हा पोळा अजून दूर, पण आपल्या पिंटूनं दोन बैल केले. एकाचं शिंग वाळून गळालं, कारण ओलं फडकं झाकेपर्यंत माती कडक होऊन जात होती. बाकी चित्रं, रांगोळ्या वगैरे होत्या. पन्हं चांगलं होतं, साखर जरा जास्त.

खरी मजा खडी गंमतीची, आपल्या तिकडच्या तमाशाची. भंडाऱ्याकडची मंडळी आली होती. गण झाला, गवळण सुरू झाली आणि ढोलकी उतरली! बाबा, तुम्ही ओळखलंच असेल. हॉलमध्ये तीन मोठे कूलर, वाळ्याच्या ताट्या भिजवलेल्या, त्यातला एक बरोबर ढोलकीच्या तोंडावर. दमट हवेनं कातडं सैल पडलं. ढोलकीवाला पोरगा उठला, बाहेर उन्हात ढोलकी धरून उभा राहिला, टणक करून आणली. दहा मिनिटांत पुन्हा तेच.

"कूलर बंद करा ना भाऊ," तो म्हणाला.

समोरच्या एक आजी म्हणतात, "बंद केला तं आम्ही मरून जाऊ ना बापा!"

खूप हसू झालं. शेवटी कलाकारांना दारापाशी नेलं, जिथं बाहेरची झळ थेट येते. ढोलकी एकदम खणखणीत! पण ती माणसं घामानं निथळत उभी आणि आपण गारव्यात बसून टाळ्या वाजवतोय, हे काही मला बरं वाटलं नाही. बाईच्या वेशातल्या कलाकाराचा तर सगळा रंग ओघळला. वर त्यांना जेमतेम तासभर दिलेला. आपल्याकडे रात्र सरते तरी गंमत सरत नाही, इथे सोंग रंगात आलं न आलं तोच चिठ्ठी आली, आता आवरा. तरी लोक उठले नाहीत, हेही खरं.

मग मी त्या पोराला पाण्याची बाटली नेऊन दिली आणि सांगितलं, आमचे बाबा गावच्या मंडईच्या जत्रेत डफ आणि ढोलकी तणसाच्या आगीवर शेकायचे, कार्तिकातल्या दवात सारखं उठावं लागायचं. तो हसला, "म्हणजे तिकडे दव अन् इथे कूलर!" मग त्यानं तुमचं नाव, गाव, दंडारीच्या नाचगाण्यात किती वर्षं वाजवलं, सगळं खोदून विचारलं. तुम्ही बोटं दुखतात म्हणून ढोलकी माळ्यावर टाकली आहे, तेही सांगितलं. त्याला ती बघायची आहे.

बाबा, दिवाळीनंतरच्या मंडईला तो तुमच्याकडे यायचं म्हणतोय. मी हो म्हणून बसले आहे. माळ्यावरून ढोलकी काढून ठेवा, उंदरांनी कातडं खाल्लं का तेवढं बघा, आणि नवतप्याचे कडक उन्हाचे नऊ दिवस संपेपर्यंत शेतावर जाऊ नका. आई, एकटा येणार नाही तो, त्याचं सगळं पथक येईल. तांदळाचा अंदाज आत्ताच धरून ठेव.

तुमची,
बेबी