माउसला हात न लावणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं दादा. झेरॉक्सच्या मशिनशेजारी जुना कॉम्प्युटर ठेवून संध्याकाळी कोड लिहीत बसणारे सांगलीत आणखी कुणी असतील, तर हे पत्र त्यांनीही आपलं समजावं.

मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. तुमच्याकडे पट्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदांच्या, झेरॉक्स काढायला यायची. त्याआधी कोडिंगच्या एका क्लासची फी भरून झाली होती. तीन महिने पडद्यावरचं उतरवून घेतलं आणि शेवटी एक ऑनलाइन दुकान तयार झालं म्हणे. सरांनी बनवलं, आम्ही टाइप केलं. घरी येऊन कोरी फाइल उघडली की बोटं हलायची नाहीत. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, “ताई, तुमच्या घरात रोज काय विचारतात?”

मी म्हटलं, “पाणी किती?”

जुलै-ऑगस्टात नदीकाठच्या घराघरात हाच प्रश्न असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आमच्या खालच्या खोलीत त्याची रेघ अजून आहे; दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात ओल धरून वर येते. तेव्हापासून आमचे आप्पा चहाआधी फूट विचारतात.

“मग तेवढंच करा. आकडा टाकायचा, वेबपानानं रंग बदलायचा. लॉगिन नको, नकाशा नको.” खरं सांगते, मला राग आला होता. एवढी फी भरून मी रंग बदलायचं पान करू? तेव्हा तुम्ही टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९१ साली जगासमोर ठेवलेली पहिली वेबसाइट उघडून दाखवलीत. पांढरं पान, साधी अक्षरं, निळ्या लिंका. बस. मी गुमान घरी गेले.

चार दिवसांनी पान झालं. ४६ टाकले, लाल. ४२ टाकले, पिवळं. ३० ला हिरवं. मी खूश. मग तुम्ही म्हणालात, “उन्हाळ्यातलं टाका की. ९ टाका.” पान लालभडक! ९ फुटाला सांगली बुडाली.

तुम्ही हसला नाहीत आणि माउसलाही हात लावला नाहीत. दुसऱ्या कुणीही कीबोर्ड ओढून घेतला असता. तुम्ही स्टेपलरच्या पिना भरत बसलात आणि म्हणालात, “एफ१२ दाबा. त्याला काय मिळालंय ते कन्सोलमध्ये छापून बघा.” एफ१२ दाबलं की पानाच्या आत काय चाललंय ते दाखवणारी खिडकी उघडते; कन्सोल ही तिच्यातली छापून बघायची जागा. अर्धा तास गेला. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यातल्या एका काकूंनी माझ्या पडद्यात डोकावून “काय बिघडलंय हो?” असंही विचारलं. मग दिसलं. चौकटीत टाकलेला आकडा पानाला आकडा म्हणून मिळतच नाही, अक्षरं म्हणून मिळतो. त्यात मी ४० आणि ४५ सुद्धा अवतरणचिन्हात लिहून ठेवलेले. दोन्हीकडं अक्षरंच, मग तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून. ९ हा ४ च्या नंतर येतो, म्हणून ९ मोठा. त्याच हिशेबानं १०० फुटाला पान हिरवं राहिलं, ते आणखी भयंकर. “ब्रेंडन आइकनं १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केलेली भाषा आहे ही जावास्क्रिप्ट,” तुम्ही म्हणालात, “तिचे हट्ट असणारच.”

मी अवतरणचिन्हं काढली, मिळालेल्या अक्षरांचा आधी आकडा करून घेतला आणि फोन आप्पांच्या हातात दिला. आप्पांचा कीबोर्ड मराठी. त्यांनी देवनागरीत ४२ टाकले. पान हिरवं झालं आणि वर अक्षरं आली, ‘पाणी एनएएन फूट’.

“हे एनएएन काय?”

“आकडा नाही, असं म्हणतंय.”

“मग हे बेचाळीस कुणाचे?”

जावास्क्रिप्टला आपले अंक थेट कळत नाहीत. आणि जे आकडाच नाही ते ४५ पेक्षा मोठं नाही, ४० पेक्षाही नाही, म्हणून पान घसरत शेवटच्या फांदीवर, हिरव्यावर, येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तुमचा आवाज चढला. “कळलं नाही तर कळलं नाही म्हणायला शिकवा त्याला. न समजता हिरवं दाखवणारं पान नसलेलं बरं.” तेव्हापासून माझ्या पानाला चौथा रंग आहे, राखाडी. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ० ते ९ ओळीनं बसलेत, त्यामुळे मराठी अंक इंग्रजीत फिरवणं मग एका ओळीचं काम निघालं. अर्थात पान आपणहून काहीच सांगत नाही. प्रशासनानं जाहीर केलेला आकडा आम्हीच टाकतो. पण आप्पा रोज टाकतात.

पुढचं भराभर झालं. पट्टीचं पान केलं: वजन, दर, हमाली, तोलाई. हमाली ४८, तोलाई २०, आणि बेरीज आली ४८२०. आमचे दिवाणजी खुर्चीतून उठलेच. मी मात्र जागची हलले नाही. रोग ओळखीचा होता. दोन मिनिटांत दुरुस्त केलं. ते तुम्हाला सांगायला धावत आले तर तुम्ही आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत होतात, मान वर न करता म्हणालात, “पैशांत अपूर्णांक आले की परत या.” आले, आणि मी परत आले. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही हे बी.कॉम.ला कुणी सांगितलं नव्हतं. आता सगळा हिशेब आधी पैशांत करते, रुपये शेवटी.

दादा, तुम्ही मला शिकवलं असं मी कुणाला म्हटलं की तुम्ही “मी काय केलं, पिना भरल्या” म्हणता. त्या पिना भरत बसल्याबद्दलच आभार मानायचे होते.

पट्टीच्या पानावरचं बटण आप्पांच्या फोनवर अर्धं बाहेर जातंय. पान फोनच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ घातली आहे, तरी जातंय. एफ१२ दाबून बघितलंय, कुठली चौकट रुंद होतेय ते अजून सापडलं नाही. गुरुवारी दुकान सुटलं की येते. काय चुकलंय ते सांगू नका.

तुमची,
पट्ट्यांच्या झेरॉक्सवाली ताई