राईतला पाचोळा राईतच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिन्याभरापूर्वी आपल्या जिल्हा पानावर एक छायाचित्र आलं होतं. हातात खराटे घेतलेले तरुण, मागे देवराई, पाचोळ्याचे चार-पाच ढीग आणि त्यांतून वर चढणारा धूर. खाली श्रमदानाचं कौतुक. पोरांच्या मेहनतीला नावं ठेवायची नाहीत. रविवारी सकाळी सातला हजर होणारी मुलं कुठल्याही गावाला हवीच असतात. पण त्यांना कामच चुकीचं नेमून दिलं होतं. आमच्या गावच्या राईतही गेली तीन वर्षं हेच चाललंय, म्हणून लिहायला बसलो.

मी पोटासाठी बुरशी पाळतो. घरामागच्या पडवीत धिंगरी अळंबीच्या दीडशे पिशव्या टांगलेल्या असतात. भाताचा पेंढा बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यातून काढून निथळवायचा आणि पिशवीत थरांवर थर देत अळंबीचं बियाणं पेरायचं. अठरा-वीस दिवसांत पिशवी खडूसारखी पांढरी होते. तीन तोडे झाल्यावर तीच पिशवी उचलली तर निम्म्यावर आलेली लागते आणि काडी चिमटीत धरली की मऊ पडते. वर्षभर पेंढ्याच्या उडवीत राहूनही जी काडी ताठ असते, ती दोन महिन्यांत अशी होते. हा ताठपणा लिग्निन नावाच्या द्रव्याचा. झाडाचं लाकूड उभं राहतं तेही त्याच्याच जिवावर. जगात हे लिग्निन नीट फोडता येतं ते मुख्यतः बुरशीला, तेही सगळ्या बुरश्यांना नाही. आमची धिंगरी त्यातली एक. (गंमत अशी की, मर आणि मूळकूज आवरायला शेतकरी जी ट्रायकोडर्मा नावाची बुरशी दुकानातून विकत आणून शेतात घालतात, तीच माझ्या पिशवीत शिरली तर पिशवी हिरवी पडते आणि बाहेर फेकावी लागते. बुरश्यांचंही आपसात पटत नाही.)

पडवीत जे मी पैसे खर्चून करतो, ते राईत फुकट होतं. खोटं वाटत असेल तर श्रावणात एकदा जाऊन ऐनाच्या झाडाखालचा पाचोळा उचकटून बघावा. वरची पानं अख्खी, तपकिरी. दोन बोटं खाली गेलात की पानं एकमेकांना चिकटलेली, मधून कापसासारखे धागे गेलेले. एखादं पान उन्हाकडे धरलं तर अर्धं पांढरट आणि अर्धं तपकिरी, आणि मधून कधी कधी पेनाने ओढावी तशी काळी रेघ. अशी रेघ म्हणजे दोन वेगळ्या बुरश्यांच्या हद्दीवरचा बांध. आम्हा कोकणातल्यांना बांध काय चीज आहे हे समजावून सांगायला नको! अजून खाली पानांच्या नुसत्या शिरांची जाळी उरलेली असते आणि त्याखाली काळी, ओलसर माती, जिला पहिल्या पावसासारखा वास येतो.

आता हिशेबाकडे वळतो. झाड पान टाकण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) फांदीत ओढून घेतं. त्यामुळे खाली पडतं ते पान कर्बाने (कार्बनने) भरलेलं, पण नत्राला गरीब. बुरशी काय करते, आपल्या धाग्यांमधून खालच्या मातीतलं नत्र वर पाचोळ्यात आणते आणि त्याच्या जोरावर पान खाते. ते नत्र मग तिच्या अंगात अडकून राहतं. अडकतं कधी, तर ऐन आषाढात, जेव्हा आमच्याकडे मोकळं असलेलं सगळं पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला जातं. पुढे धागे मरतात, बारीक किडे आणि गांडुळं ते खातात, आणि पाऊस ओसरता ओसरता ते नत्र सावकाश मुळांना मिळू लागतं. जांभ्या जमिनीत स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्ट याहून अवघड. लोह आणि ॲल्युमिनिअम त्याला असं धरून बसतात की मुळांना ते दिसूनही मिळत नाही. बुरशीतून झरणारं ऑक्झॅलिक आम्ल ती पकड थोडी ढिली करतं. एवढी दाट राई जेमतेम वीतभर मातीवर उभी कशी, हे कोडं मला लहानपणापासून पडायचं. उत्तर निम्मं त्या पाचोळ्यात आहे. राईची पुंजी मातीच्या पोटात नसून तिच्या अंगावरच्या गोधडीत असते.

कुणी म्हणेल, बुरशीसुद्धा पाचोळ्यातला कर्ब हवेतच सोडते, मग काडी लावली तर काय बिघडलं? रास्त प्रश्न आहे. माझ्या पिशवीचं घटलेलं वजनही बरंचसं हवेतच गेलेलं असतं. फरक असा की, बुरशी खाते तेव्हा नत्र मागे ठेवते आणि न पचलेल्यातून माती बांधणारा काळा अंश उरतो. आग लागली की नत्रही धुरासोबत जातं. राखेत पालाश (पोटॅश) राहतो खरा, पण मृगाचे दोन पाऊस पडले की ती राख उतारावरून वाहून जाते आणि वर उघडी पडलेली माती तिच्या मागोमाग.

पाचोळ्यापेक्षाही मला दुखलं ते ऐनाचं. चार वर्षांमागे चक्रीवादळाच्या वाऱ्यात राईतला एक जुना ऐन आडवा झाला. दोन पावसाळ्यांत त्याच्या अंगावर पंख्यांसारख्या बुरश्यांच्या ओळी लागल्या. साल निघाली, आतलं लाकूड फिकट आणि तंतूंचं झालं. मी वैशाखात त्याचा एक तुकडा मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी आलं. आजूबाजूची जमीन तडकलेली असताना! त्या खोडावर सुरंगीची नि किंजळीची रोपं उगवलेली मी मोजली, अकरा होती. मग गावच्या बैठकीत ठरलं की लाकूड फुकट सडतंय, विकून टाकू. वरचा अर्धा भाग ट्रॉलीत गेला, अकरातली आठ रोपंही त्यासोबत गेली.

"फुकट सडतंय" हे दोन शब्द मला खुपतात. उभ्या झाडातलं सडणंसुद्धा फुकट नसतं. वादळात फांदी मोडते, जखमेतून बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षं झाडाचा मधला मेलेला गाभा खाते. बाहेरचं जिवंत लाकूड शाबूत असतं, झाड फुलतं, फळतं, फक्त पोटातून पोकळ होतं. मलबारी कवड्या धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला याच ढोलीत स्वतःला लिंपून घेते. धनेशाला ढोली कोरता येत नाही, तयारच लागते. बेहड्याच्या नि सातविणीच्या ढोल्या बुरशीने घडवल्या नसत्या तर कोकणात धनेश राहिला असता कुठे? आणि धनेश गेला तर मोठ्या बियांची जंगली फळं लांबवर नेऊन टाकणार कोण? तरीही "पोकळ झाड धोक्याचं" म्हणून पहिली करवत त्याच्याच बुंध्याला लागते. रस्त्याकडेचं असेल तर समजू शकतो. राईच्या पोटातल्या झाडाने कुणाचं घोडं मारलंय?

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य होतं: राईतली काडी चुलीत घातली तर देव मागोमाग घरात येतो. सरपण म्हणून पडलेली फांदीदेखील उचलायची नाही, हा नियम सह्याद्रीतल्या अनेक देवरायांत होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या आणि १९७६ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हापासून या रायांचं महत्त्व अभ्यासकांना ठाऊक आहे. पण आपण जपणूक म्हटली की झाडं मोजतो. मेलेल्या लाकडाचा नियम कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते खरी किल्ली तोच नियम होता. पूर्वजांना लिग्निन ठाऊक नव्हतं, पण काडी न हलवल्याने काय टिकतं ते त्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलं असणार. पावसाळ्यात रात्री भीमाशंकरच्या जंगलात उजळणारी बुरशी बघायला लोक पुण्या-मुंबईहून गाड्या काढून जातात. तो हिरवट उजेडही कुजणाऱ्या काटक्यांतूनच येतो. झाडलोट केलेल्या जंगलात तो दिसणार नाही.

गावकऱ्यांचे दोन आक्षेप मात्र मला मान्य आहेत. पहिला फुरशाचा, म्हणजे विषारी सापाचा. पाचोळ्यात फुरसं दिसत नाही आणि देवळात अनवाणी जायचं असतं. तर मग पायवाट आणि देवळाभोवतीचं अंगण रोज झाडावं, झाडलेला पाचोळा उचलून झाडांखाली टाकावा. दुसरा वणव्याचा. फाल्गुनात कुठल्याशा वरकस रानातून आग येते आणि वाळलेला पाचोळा पेटतो. त्यावर उपाय राईच्या बाहेरून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढण्याचा आहे, राई आतून भाजून काढण्याचा नाही. घराला आग लागू नये म्हणून घर आपणच कुणी पेटवत नाही.

कायद्याचंही सांगतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ओरणांच्या (तिकडच्या देवरायांच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आखावं, असं केंद्राला सुचवलं. ते धोरण लिहिताना त्यात पडलेल्या लाकडाविषयी एक ओळ तरी असावी, एवढं जाणत्यांनी बघावं. पुण्याच्या आघारकर संस्थेत देशाचा राष्ट्रीय कवक संग्रह आहे, म्हणजे विचारायला माणसं लांब शोधावी लागणार नाहीत.

आमच्या ऐनाचा बुंध्याकडचा भाग अजून राईच्या खालच्या अंगाला पडून आहे. ट्रॉली तिथवर उतरत नाही, म्हणून वाचला. त्यावरची तीन रोपं आता गुडघ्याएवढी झालीत. पुढच्या बैठकीत त्याचा विषय पुन्हा निघणार असं कानावर आलंय. बैठक अमावस्येनंतर आहे. त्याआधी हे पत्र छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक अळंबी उत्पादक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी