ब्रेकचं काम आणि उसना मिळालेला वेळ

गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे, एवढंच काम. पण ऑफिस, मुलांचा अभ्यास, घरातली आजारपणं यांतून सलग दुपार काही सापडेना. ती ज्यांच्यामुळे मिळाली त्यांचे जाहीर आभार. (नावं लिहायची नाहीत, अशी तंबी मिळाली आहे.)

मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंचे सर्वांत आधी. पान्यांपेक्षा तीच मदत मोठी. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे टेकू) आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना) देणाऱ्या काकांचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, ही त्यांची अट, आणि ती रास्तच. पॅडला रेटणारा पिस्टन मागे दाबण्याआधी टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी बघ, नाहीतर ते वर येऊन सांडतं आणि गाडीचा रंग खातं, हे फोनवर सांगणाऱ्या मित्राचे. कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या गंजलेल्या स्लाइड पिना साफ करून ग्रीस लावायला त्यानंच भाग पाडलं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त का झिजला होता, ते तेव्हा उमगलं: पिना अडकल्यामुळे कॅलिपर नीट सरकत नव्हता.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबत बसलेल्या भाचीचेही आभार. कंटाळली होती, पण उठली नाही.

मागच्या चाकांचं काम अजून बाकी आहे. काकू, रविवारी घरी आहात ना?