भूगोलाकडे पुन्हा पाहावे

महोदय,

गुण कमी पडले की घेण्याचा विषय ही भूगोलाविषयीची समजूत अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सोबत नेतात. कॅलिफोर्नियातील ११६ कम्युनिटी कॉलेजांपैकी अनेक ठिकाणी भूगोलाची दोन वर्षांची पदवी घेऊन पुढे राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवता येतो, आणि त्या दोन वर्षांचे शुल्क विद्यापीठाच्या मानाने बरेच कमी असते. मात्र नुसत्या पदवीवर विसंबू नये. जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचे प्रमाणपत्र जोडीला असावे. कारण जमिनीखालच्या जलवाहिन्यांची नोंद ठेवणारा पाणीपुरवठा विभाग असो, नगररचना कार्यालय असो किंवा उतार, झाडोरा आणि वाऱ्याच्या नोंदींवरून वणव्याचा धोका कोणत्या वस्तीला अधिक हे ठरवणारी अग्निशमन यंत्रणा असो, त्यांना नकाशाचे थर एकमेकांवर ठेवून अर्थ लावणारी माणसे लागतात. (संगणकशास्त्राचा हट्ट धरणाऱ्या आमच्या घरात हे पटायला वेळ लागला.) कोणता विषय कोणत्या विद्यापीठात ग्राह्य धरला जातो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधीच तपासावे, अन्यथा एखादे सत्र वाया जाऊ शकते.

– एक वाचक, सॅन होजे